जानेवारीपर्यंतचा संप

ल्यूशस पेटवेला त्या संपातून मिळणार होते दोनशे साठ डॉलर. नोव्हेंबरच्या गोळ्यांचे एकशे तीस आणि डिसेंबरच्या गोळ्यांचे एकशे तीस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने, हृदयाचा ठोका अधूनमधून चुकत असताना, रक्त पातळ ठेवणारी गोळी दोन महिने बाजूला सारावी एवढी काही ही रक्कम नव्हे. एवढ्या पैशात बाल्टिमोरमध्ये चार माणसांचं खेकड्याचं जेवण होतं, तेही कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही तर. पण पैशाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता आणि खरी मिळकत त्यातच होती. भाव पडणार हे ठाऊक असताना चढ्या भावाने घेतलं नाही, शेवटपर्यंत ताणून धरलं, आणि धरलं ते कुणाच्या बाजूने, तर पोटच्या पोरीच्या. या रकान्यात किती आकडा घालायचा हे त्याच्या लेकीला, कोरीनला, सांगता आलं नसतं. आणि ती तर जन्मभर आकडेच मोजत आली होती, सरकारी पगारावर.

हा हिशेब तिच्या डोक्यात इतका स्वच्छ मांडला गेला तो जानेवारीतल्या एका दुपारी, औषधाच्या दुकानात. ती आपल्या थायरॉइडच्या गोळ्या घ्यायला गेली होती. काउंटरमागची जॅनेल तिला शाळेच्या वयापासून ओळखायची. शाळेचं वय जॅनेलचं, कोरीन तेव्हाही पोक्तच होती. जॅनेलने तिची पुडी पुढे ठेवली, मग मागच्या फळीवरून आणखी एक पुडी काढून तिच्या शेजारी ठेवली आणि हसत म्हणाली, "आणि ही मिस्टर ल्यूशसची, मिस कोरीन. सांगा त्यांना, संप मिटला म्हणावं. नवा भाव लागला." कोरीन नेहमीसारखी उजवा कान पुढे करून उभी होती, त्यामुळे ऐकू आलं नाही अशी सबब नव्हती. म्हाताऱ्याचं काय झालं ते जॅनेलला कळलेलं नव्हतं. कळणार तरी कुठून? दुकानातल्या यंत्राने ठरल्या तारखेला पुडी बांधायला सांगितली, की ही बांधायची. नोव्हेंबरात बांधली, कुणी नेली नाही, गोळ्या परत बरणीत गेल्या. डिसेंबरात तेच. तिने म्हाताऱ्याला फोन केला होता तर तो म्हणाला होता, पोरी, नव्या भावाने घेईन, तोवर तुझ्या मालकाला कळ सोसू दे. ती हसली होती. सगळेच हसले होते. यंत्र मात्र न हसता महिन्याच्या महिन्याला पुडी बांधत राहिलं. यंत्राला संप कळत नाही आणि पक्षाघातही कळत नाही.

"दोनशे तीस होतील," जॅनेल आवाज उतरवून म्हणाली. तिलाच ओशाळल्यासारखं झालं असावं. "नवं वर्ष ना. विमा अजून झोपलेला असतो."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा उमटला, खोकल्याच्या गोळ्या आणि लॉटरीची तिकिटं यांच्या मधोमध. कोरीनने तो आकडा ओळखला. भलत्याच गावच्या बाजारात ओळखीचा माणूस दिसावा, आणि त्याने आपल्याला ओळख न द्यावी, तसं तिला झालं. या आकड्याला तिने तो आकडा व्हायच्या आधीपासून पाहिलं होतं. कचेरीतल्या लांब टेबलावर कंपनीची माणसं बसायची, समोर सरकारची, आणि सरकारच्या बाजूला, टोकाच्या खुर्चीच्या आधीच्या खुर्चीत, कोरीन. पाचशेवर असलेली ही गोळी किती खाली यावी, दुसऱ्या कोणत्या औषधाने हेच काम होतं, त्याला किती पडतात, असले हिशेब तिचे. आकडा तिथे दोन्हीकडून ओढला गेला, महिनोन्‌महिने, आणि शेवटी थकून या जागी येऊन बसला. तेव्हा तो विजयाचा आकडा होता. इथे काउंटरवर तो मागणीचा आकडा होता. कारण वर्ष लागलं की विमा आधी हात वर करतो. ठरावीक रक्कम म्हाताऱ्याच्या खिशातून पुरती जाईपर्यंत औषध पूर्ण भावाने घ्यायचं, मग विमा जागा होणार आणि मग आपला वाटा उचलणार. म्हणजे डिसेंबरात, विमा जागा असताना, जुन्या, चढ्या भावाने घेणाऱ्याच्या खिशातून एकशे तीस गेले असते, आणि जानेवारीत नव्या, पडलेल्या भावाने घेणाऱ्याच्या खिशातून दोनशे तीस. वर्षभराचं पाहिलं तर नव्या भावात फायदाच, चांगला घसघशीत फायदा. तो तिनेच मांडून साहेबांना दिला होता. पण काउंटरपाशी माणूस वर्ष घेऊन उभा राहत नाही, महिना घेऊन उभा राहतो.

ही पुडी नको, परत बरणीत टाक, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारा होता त्या शुश्रूषागृहात त्याला गोळ्या तिथल्याच मिळत होत्या, वेळच्या वेळी, चमच्यात सफरचंदाच्या मुरंब्यासारखं काहीतरी घालून त्यातून. पण परत टाक म्हटलं की का म्हणून सांगावं लागणार, आणि जॅनेल तोंडावर हात ठेवणार, आणि मागे रांगेत उभी असलेली ती निळ्या टोपीची बाई ऐकणार. कोरीनने कार्ड पुढे केलं. एक वाक्य न बोलण्याचे दोनशे तीस. याहून महाग वाक्यं तिने न बोलून पाहिली होती.

गाडीत बसल्यावर तिने पुडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, आणि मग ती खुर्ची कुणाची ते आठवून उचलून मांडीवर घेतली. उजवीकडची ही खुर्ची डॅडीची. सोळाव्या वर्षी तिला गाडीचा परवाना मिळाला, त्या दिवसापासून दोघं बरोबर असताना त्याने कधी चाक हातात घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, सरकार चालवतंय तोवर मी कशाला चालवू. सरकार हे तिचं नाव. ती सरकारी नोकरीत लागली तेव्हापासूनचं. सरकार जेवणार का? सरकारला आज पायमोजे दोन रंगांचे मिळाले वाटतं? खुर्चीत बसून बेरजा करणं याला तो काम म्हणत नसे. काम म्हणजे पोलादाच्या कारखान्यातली कोळशाची भट्टी, जिथे बुटाचे तळवे वितळतात आणि घरी आल्यावर बायको दारातच कपडे उतरवायला लावते. पण चाक सोडण्याचं खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. त्याने गाडी चालवली तर ती उजवीकडे बसणार, आणि मग त्याच्याकडे येणार तिचा डावा कान. आणि डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, सात वर्षांची होती तेव्हापासून.

जहाज आदळून बंदरावरचा पूल पडल्यापासून बोगद्याकडे जाणारा रस्ता दुपारीही तुंबलेला असे. गाड्या पेंगत पुढे सरकत होत्या. पाण्यापलीकडे, जिथे कारखाना होता तिथे, आता लांबच लांब गोदामं होती, एकालाही धुराडं नसलेली. ती ज्याला खरा संप म्हणते तो संप त्र्याहत्तर सालचा. भट्टीवरच्या काळ्या माणसांना वरच्या खात्यात जायचा हक्क हवा होता, मजुरीत वाढ हवी होती, आणि मुकादमांना यातलं काहीच नको होतं. ल्यूशस तेव्हा पंचविशीचा, पण युनियनने त्याला वाटाघाटींच्या टेबलावर बसवला, कारण त्याला गप्प बसता येत असे. बाकीचे टेबलावर मुठी आपटायचे. हा पेन्सिल कानावर ठेवून समोरच्याकडे बघत बसायचा, इतका वेळ, की समोरचा घाबरून आपणच दोन सेंट वाढवायचा. संप लांबला. घरात सकाळी मक्याची पेज आणि संध्याकाळी मक्याची पेज. तिची आई, आर्डेल, पेज ढवळताना देवाशी बोलायची आणि ते बोलणं दिवसेंदिवस कडक होत गेलं. संपात दवाखान्याचं कार्ड बंद होतं. तिचा कान ठणकायला लागला तेव्हा आईने तेल कोमट करून घातलं, मिठाची पुरचुंडी शेकली. मग ताप चढला. आई म्हणाली, उसने काढा, पण डॉक्टरकडे न्या. तो म्हणाला, सह्या होताहेत आर्डेल, आज-उद्यात होताहेत, आणि टेबलावरच्या माणसाने उसने मागितले हे त्यांच्या कानावर गेलं तर संपला संप. ज्याला थांबता येतं त्याचाच करार. उशीत गेलेला तो कान, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखी आतली टकटक, आणि मग एका पहाटे ठणका एकदम थांबला. उशी ओली होती. तिला वाटलं, बरं झालं. शुक्रवारी सह्या झाल्या. शनिवारी सकाळी नव्या कार्डावर डॉक्टरने कानात बघितलं आणि दिवा विझवला. त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. डॅडीला खांद्यावर घेतलं होतं आणि डॅडीने तिला. सगळी वस्ती ओरडत होती. ती मिरवणूक तिला एकाच बाजूने ऐकू आली.

कान या विषयावर तो कधी बोलला नाही. फक्त तेव्हापासून जेवायच्या टेबलाला, चर्चच्या बाकावर, सिनेमाला, तिच्या उजव्या हाताला बसला. आणि त्या करारामुळे भट्टीवरची माणसं वरच्या खात्यांत गेली, हेही खरं. त्यांची पोरं कॉलेजात गेली, त्यात एक कोरीन. म्हणजे हिशेब तोट्याचा होता असं तिला कधी म्हणता आलं नाही. ही त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट होती.

मग त्याची गोळी सरकारच्या यादीत आली. ज्या थोड्या औषधांचे भाव म्हाताऱ्यांसाठी सरकार कंपन्यांशी बसून ठरवणार, त्यांत हीही होती. त्याने फोन केला तो हॅलो न म्हणताच. "सरकार, म्हणजे तू टेबलावर बसणार?" ती म्हणाली की ती एक कोपऱ्यातली बाई आहे, तिला काही कुणी विचारणार नाही. तो म्हणाला, मीही कोपऱ्यातच होतो. आणि त्या रविवारपासून, आयुष्यात पहिल्यांदा, तो तिच्या कामाबद्दल विचारायला लागला. तिला बोलायची मुभा नव्हती. शपथेवर लिहून दिलेलं होतं, घरच्यांनाही नाही. तो आडून विचारायचा: पहिला आकडा कुणी टाकला? त्यांचा माणूस बोलताना पेनाशी खेळतो का? ती बटाटे सोलत गप्प. त्याला तिच्या गप्पपणाचा जो आनंद व्हायचा तो बघण्यासारखा होता. न्हाव्याच्या दुकानात सांगायचा, पोरगी फुटत नाही, बापाला फुटत नाही. आणि न मागता धडे द्यायचा: त्यांची कॉफी प्यायची नाही. खिडकीकडे तोंड करून बसायचं नाही. आणि ते बोलायचे थांबले तर आपण ती जागा भरायची नाही, ती त्यांना भरू द्यायची. कोरीन हसायची, आणि बैठकीला जाताना घरून थर्मास भरून न्यायची. तिसऱ्या बैठकीत तिला एक वाक्य बोलायला मिळालं. बोलून झाल्यावर कंपनीचे लोक गप्प झाले, आणि तिच्या शेजारचा साहेब ती जागा भरायला तोंड उघडत होता तेव्हा तिने टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला हात लावला. हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी ती अशी बसली होती की कंपनीची माणसं उजव्या कानाकडे यावीत.

भाव जाहीर झाला तो अंमल सुरू व्हायच्या पुष्कळ आधी. त्या दिवशी म्हातारा टाय बांधून न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणजे ऑर्व्हिल. भट्टीवरचाच, हात भाजल्यावर कात्री धरलेला. ऑर्व्हिलही तीच गोळी घेतो. तिथे ल्यूशसने सांगितलं की हा भाव माझ्या पोरीने पाडला. संध्याकाळी फोनवर त्याने एकच प्रश्न विचारला, युनियनच्या माणसाला सुचेल तोच. "फरक कधीपासूनचा मिळणार?" त्याच्या जगात करार केव्हाही होवो, वाढ जुना करार संपल्या दिवसापासून धरली जायची आणि मधल्या काळाचा फरक एकरकमी हातात पडायचा. फरकाच्या पैशातून त्याने आर्डेलला शिवणयंत्र घेतलं होतं. कोरीनने सांगितलं, डॅडी, यात फरक नसतो. जानेवारी उजाडेपर्यंत जुनाच भाव. फोनवर तो गप्प झाला. तिने ती जागा भरली नाही. शेवटी तो म्हणाला, "मग सह्या झाल्यावर जुन्या भावाने घेणारा मूर्खच की."

तिला तेव्हाच कळायला हवं होतं. तो विनोद नव्हता, तो ठराव होता.

वर्ष सरत आलं. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टेबलावर टर्की होती, तिच्याशेजारी आंबवलेला कोबी, तो या गावात लागतोच, आणि ऑर्व्हिल व त्याची बायको. मागच्या गोळ्या संपल्या का, असं ऑर्व्हिलची बायको सहज म्हणाली, तर ल्यूशसने काटा खाली ठेवला आणि सभेत करायचा तसा घसा साफ केला. म्हणाला, संपल्या. आणि आता जानेवारीपर्यंत संप. माझ्या पोरीने भाव पाडला आणि मी त्याच कंपनीला जुन्या भावाने पैसे मोजू? संपकऱ्यांचं पिकेट ओलांडून आत कामाला गेलेला माणूस मी नव्हे. ऑर्व्हिल टेबलावर थाप मारून हसला. त्याची बायको म्हणाली, हे दोघे मरेपर्यंत त्र्याहत्तर सालातच राहणार. कोरीनही हसली. ती म्हणाली, पैसे मी देते डॅडी, गोळी घ्या. तो म्हणाला, संपावरच्या माणसाला लेकीने पैसे दिले तर तो संप कसला, ती तर शिष्यवृत्ती. पुन्हा हशा. त्या हशात तिच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. अगदी साधं, तिच्या रोजच्या कामातलं: डॅडी, जानेवारीत काउंटरवर तुम्हाला आत्तापेक्षा जास्त पडतील, विमा नव्याने सुरू होतो. एवढंच. हिशेबी माणूस होता. आकडा ऐकला असता तर संप तिथेच मोडला असता. पण तो तिच्याकडे बघत होता. साठीला टेकलेल्या बाईकडे बापाने ज्या नजरेने बघावं असं तिला सातव्या वर्षापासून वाटत होतं, त्या नजरेने बघत होता. तिने कोबीचं भांडं उचललं आणि म्हणाली, घ्या अजून. तिला वाटलं, उद्या सांगू.

उद्या कचेरीत दुसऱ्या औषधाची फाइल आली.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तो ऑर्व्हिलच्या खुर्चीत बसला होता. दाढीला गालभर फेस लावलेला. संपाचंच चाललं होतं. आता थोडेच दिवस, आता ते घाबरले असतील. बोलता बोलता तो थांबला. आणि ऑर्व्हिलही थांबला, वस्तरा हवेत धरून, कारण ल्यूशस पेटवे बोलता बोलता थांबतो तेव्हा पुढे काहीतरी जबर येतं हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावरचे दोघं-तिघं वाट बघत राहिले. एकाने दुसऱ्याला कोपरखळी दिली, बघ आता. किती वेळ गेला ते नंतर कुणालाच सांगता येईना. गप्प बसणं हे त्याचं हत्यार होतं, आणि त्या हत्याराने त्याला धरलंय हे कुणाला कळलं नाही. फेसाखाली तोंड एका बाजूला ओघळलं होतं, ते ऑर्व्हिलने टॉवेल फिरवला तेव्हा दिसलं. हे ऑर्व्हिलने तिला सांगितलं, इस्पितळातल्या बाकावर, पुन्हा पुन्हा, तीच कोपरखळी, तोच टॉवेल. तो रडत म्हणाला, "मी वाट बघत होतो गं पोरी. मला वाटलं, काहीतरी भारी बोलणार." आणि तो सांगत असताना तिच्या लक्षात आलं की तो डाव्या बाजूला बसलाय, म्हणून मान वळवून वळवून तिला ते सगळं उजव्या कानाने ऐकून घ्यावं लागलं. एखादं तरी वाक्य निसटलं असतं तर बरं झालं असतं.

शुश्रूषागृहाच्या आवारात बर्फ झाडून कडेला ढीग केले होते, काळपटलेले. तिने पुडी पर्समध्ये टाकली आणि मग पर्समधून काढून हातात घेतली. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. ठरलेलं नाही याचंच तिला बरं वाटत होतं, पण जिना संपला.

तो खिडकीशी पलंगावर टेकून बसवलेला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. वाचेतून एकच शब्द वाचला होता: नाही. पाणी हवं का, नाही, आणि पेला ओढून प्यायचा. ऊन लागतंय का, नाही. मी आले डॅडी, नाही, आणि डोळे भरून यायचे. तिथली नर्स म्हणायची, कुणाचं काय राहील सांगता येत नाही, एकीचं नुसतं गाणं राहिलंय. ल्यूशसचं टेबलावरचं शेवटचं हत्यार राहिलं होतं. कोरीनने त्याच्या डाव्या हाताशी खुर्ची ओढली, उजवा कान त्याच्याकडे केला. त्याने पुडी बघितली. दुकानाची खूण त्याने ओळखली असावी, कारण डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला आणि भुवई उंचावली. भुवई एकच उंचावली गेली. किती लागले?

जिंकलात, एवढं म्हणायचं होतं. भाव अर्ध्याहून खाली आला होता, हे खोटं नव्हतं. त्यातलं काउंटरवरचं तेवढं गाळलं की झालं. खरं बोलून खोटं सांगण्याची ही रीत तिने कचेरीत कितीदा पाहिली होती. म्हातारा हसला असता, अर्ध्या तोंडाने, आणि त्याला संपाचा दुसरा रकाना भरून मिळाला असता, जो पहिल्यापासून खरा रकाना होता. तो तिच्याकडे बघत होता. वाट बघत होता. तिला कारखाना बुडाला ते साल आठवलं. दवाखान्याची सोय गेली, पेन्शन कापलं गेलं, आणि युनियनच्या मोठ्या माणसांनी वस्तीत येऊन सांगितलं, काळजी करू नका, काहीतरी तोडगा निघेल. ल्यूशस तेव्हा निवृत्त होता, त्याला बोलवलंही नव्हतं. तो उठून पुढे गेला आणि म्हणाला, काही निघणार नाही, गेलं ते गेलं, आजपासून पैसे बाजूला टाका. लोक त्याच्यावर ओरडले. घरी येताना गाडीत, तिच्या उजव्या कानाशी, तो म्हणाला होता की समोरच्याने फसवलं तर तो धंदा. आपल्या बाजूच्याने कराराची कलमं लपवली तर मात्र माणूस कुठे बसेल?

"दोनशे तीस," ती म्हणाली. त्याची भुवई तशीच. "वर्ष नवं, विमा नव्याने सुरू होतो. डिसेंबरात जुन्या भावानेही तुम्हाला एकशे तीसच पडले असते." मग तिला आपला आवाज फार समजूतदार वाटला, सरकारी, आणि तिने तो टाकून दिला. "मला ठाऊक होतं डॅडी. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता, म्हणून मी बोलले नाही."

तो गप्प. तिने जागा भरली नाही. खाली आवारात कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती आणि उजवी कशातच सामील नव्हती, तेव्हा कोणत्या बाजूवर विश्वास ठेवायचा ते कळेना. तिने पर्समधून वीसची एक आणि दहाची एक नोट काढली. दोघांची बोली तीच होती, दुसरी त्यांना येत नव्हती. "दोनशे साठ वाचवलेत, दोनशे तीस गेले. तीस उरले. घ्या, संपाची कमाई." तिने नोटा त्याच्या डाव्या मुठीत ठेवल्या. त्याने मूठ मिटली, मुठीने पुडीवर टकटक केलं आणि मग तिच्याकडे बोट केलं: हे कुणी दिले? मी, ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला, आणि नोटा तिच्याकडे सरकवल्या. तिने परत सरकवल्या. "नाही." पुन्हा तिच्याकडे. असा तो सौदा बराच वेळ चालला, आणि शेवटी नोटा दोघांच्या मधे चादरीवर पडल्या.

तेव्हा त्याने हात वर नेला आणि तिच्या डाव्या कानाची पाळी धरली. इतक्या वर्षांत त्याने त्या कानाला हात लावला नव्हता. पाळी धरून त्याने तिचं तोंड हळूहळू वळवलं, तो बहिरा कान आपल्या ओठांशी आणला आणि त्यात काहीतरी सांगितलं. ऊन ऊन श्वास तिला जाणवला. एक शब्द सांगायला लागतो त्याहून जास्त वेळ तो सांगत होता. तो सांगत होता तोवर तिने मान हलवली नाही, दुसरा कान मधे आणला नाही. झाल्यावर त्याने पाळी सोडली आणि खिडकीकडे बघायला लागला, सह्या करून मोकळ्या झालेल्या माणसासारखा.

मग हिशेब असा राहिला. भाव पडला, तो खराच पडला. ऑर्व्हिलची आणि त्याच्यासारख्या पुष्कळ म्हाताऱ्यांची गोळी या वर्षी स्वस्तात जाईल. कंपनीने सोडलं ते नफ्यातून. सरकारने वाचवलं ते लोकांचं. त्र्याहत्तर सालच्या कराराचा एक कान कोरीनकडून तेव्हाच वसूल झाला होता. या करारापोटी तिच्या कार्डावर दोनशे तीस पडले, आणि कोबीचं भांडं पुढे करताना गिळलेलं एक वाक्य, ज्याचा फरक आता कुठल्याच जानेवारीत मिळायचा नव्हता. ल्यूशस पेटवेने उजवा हात दिला आणि एक सोडून सगळे शब्द. चादरीवरचे तीस डॉलर दोघांपैकी कुणीच उचलले नाहीत. संध्याकाळची गोळी घेऊन नर्स आली, तिने ते घडी घालून पेल्याखाली ठेवले, आणि गोळी त्याला फुकट दिली.